सुखाचा प्रवास कोणासाठीं?



प्रवास म्हणजे हालअपेष्टा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. काशीस निघालेला मनुष्य घरच्यांचा निरोप घेई, तो जणूं कायमचाच. या समजुतीस धक्का दिला तो आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६५ सालीं थळघाट खुला होऊन मुंबई व नाशिक यांमधील सह्याद्रीची भिंत ओलांडली गेली. दर ३७ फुटांस एक फूट अशी त्या घाटाची चढण आहे; बहुतेक गाड्यांना तेथें आजहि मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात.

याच घाटानें नाशकास येणारी एक निराळी गाडी आहे, तिच्याविषयीं आज बोलावयाचें आहे. ‘डेक्कन ओडिसी’ हें तिचें नांव. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ व भारतीय रेल्वे यांनीं ती २००४ सालीं सुरू केली. राजस्थानांत १९८२ सालीं जुन्या संस्थानिकांचे डबे वापरून ‘पॅलेस ऑन व्हील्स’ ही गाडी निघाली होती. तिचा कित्ता येथें गिरविला गेला. एकवीस डब्यांच्या या गाडींत स्नानगृहासह शयनकक्ष, भोजनगृहें, अंगमर्दनाची सोय, असा सगळा राजेशाही थाट आहे. २०२० सालच्या महामारींत ती थांबली व सप्टेंबर २०२३ मध्यें पुन्हा धांवूं लागली. आठवड्याच्या सफरीचें भाडें लाखांच्या घरांत जातें.

हिची युक्ति साधी आहे. रात्रीं गाडीनें अंतर तोडावयाचें आणि दिवसां प्रवाशांनीं उतरून स्थळें पाहावयाचीं. सामान बांधावयास नको, कीं खोली शोधावयास नको; मुक्कामाची जागाच पाहुण्याबरोबर फिरते. नाशकाच्या वाट्याला यांतील थोडा वेळ येतो. तेवढ्यांत गोदेचा घाट आणि द्राक्षांचे मळे पाहून पाहुणे वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेस लागतात.

हा सारा श्रीमंतांचा चोचला आहे, असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. दूरदेशींचा मनुष्य आपला प्रांत पाहावयास येतो, येथें पैसा खर्च करतो, यांत वाईट तें काय? शिवाय आज जी चैन, ती उद्यां सोय होते, असाहि अनुभव आहे. १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली, तेव्हां तींत पहिला व दुसरा हे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या उतारूस तींत जागा मिळाली ती १९५५ सालीं! म्हणजे सुख खालीं झिरपतें हें खरें. पण आपोआप झिरपूं दिलें तर त्यास पंचवीस वर्षें लागतात. तिसऱ्या वर्गांतील गर्दी व घाण यांविषयीं महात्मा गांधींनीं १९१७ सालीं कळकळीनें लिहिलें. पुढें १९७४ सालीं तो वर्ग नांवानें गेला. गर्दी मात्र राहिली.

मग सुखाच्या प्रवासाचा आदर्श कोठें शोधावा? नाशिककरांना त्यासाठीं दूर जावयास नको. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें आपण चौसोपी विश्रामगृहें बांधलीं, विहिरी व तळीं खोदविलीं, असें तो सांगतो. यांतील गोवर्धन तर नाशकाजवळचेंच. तापी, दमणा, डहाणुका इत्यादि नद्यांवर त्यानें नावांची फुकट सोय केली आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर धर्मशाळा व पाणपोया घातल्या. हा राजकुळांतला पुरुष. स्वतःच्या थाटाचें वर्णन त्यास कोरतां आलें असतें. त्यानें कोरून ठेविली ती वाटसरूची सोय.

हें मोजमाप आजच्या नाशकास लावून पाहा. २०२७ सालच्या सिंहस्थास येणारा यात्रेकरू डोक्यावर गांठोडें घेऊन नाशिकरोडला उतरेल. तेथून शहर आठ-नऊ किलोमीटर. ही अडचण जुनीच. म्हणून तर १८८९ सालीं तेथें घोड्यांची ट्राम घालण्यांत आली होती. या यात्रेकरूस राजवाडा नको आहे. स्वच्छ शौचकूप, प्यावयास पाणी, पाठ टेकण्यापुरती जागा, रास्त भाड्याचें वाहन आणि खरी माहिती सांगणारा माणूस, एवढ्यानें त्याचें भागतें. आरामगाडींतील यात्रिकास यांतील एकहि गोष्ट मागावी लागत नाहीं. जी व्यवस्था मोजक्या पाहुण्यांसाठीं आपल्याला साधते, ती लाखांसाठीं मुळींच साधणार नाहीं असें कोणीं म्हणूं नये. तिला पैशापेक्षां आस्थेची गरज अधिक आहे.

मधला मार्गहि निघूं लागला आहे. २०२१ सालीं रेल्वेनें ‘भारत गौरव’ योजना आंखली आणि जून २०२५ मध्यें त्याच योजनेची एक गाडी शिवछत्रपतींच्या रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा अशा स्थळांच्या दर्शनास निघाली. शिक्षक, कारकून, निवृत्त गृहस्थ यांनाहि जिचा विचार करतां यावा, अशा गाड्या वाढल्या पाहिजेत. परदेशचा पाहुणा वेरूळ पाहून जावा आणि नाशिकच्या मुलानें तें चित्रांतच पाहावें, हें आपल्यास शोभणारें नाहीं.

राजविलासी गाडी खुशाल धांवो. मात्र एखाद्या प्रांताचें आतिथ्य तिच्या शयनकक्षांवरून ठरत नसतें. पहांटे फलाटावर उतरलेल्या शेवटच्या उतारूस आपण काय देतों, यावरूनच तें ठरतें.