पंधरवड्याला घरी येणारा माणूस

भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांपैकी साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीने मांडला. एकूण संख्या होते सुमारे ८८ लाख. यातली बहुतेक माणसे घरीच असतात आणि त्यांच्यासाठी घरात कोणीतरी रात्री जागत असते. बहुधा बायको, सून किंवा मुलगी. जगभरात या रुग्णांच्या शुश्रूषेचे ७० टक्के तास स्त्रियाच देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपलब्ध औषधांनी लक्षणे काही काळ थोडी आवरतात, पण रोग थांबत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की या घरांना सर्वांत आधी हवा आहे तो नेमाने दारी येणारा, थोडे पण नेमके शिकलेला, त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस. हे केवळ सदिच्छेपोटी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात याचा पुरावा आहे.

केरळमध्ये १९९२ साली डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. ते बालरोगतज्ज्ञ, त्यांच्या वडिलांनाच हा आजार झाला होता. या चळवळीचेच गोव्यातले रूप म्हणजे तिथली डिमेन्शिया सोसायटी. या सोसायटीचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगथ’ या संस्थेच्या साथीने दोन तालुक्यांत एक प्रयोग केला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला सहा महिने घरपोच मदत मिळाली, दुसऱ्याला ती नंतर मिळायची होती. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. कोंकणी येणे, लिहिता-वाचता येणे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काम करण्याची मनापासून इच्छा असणे, एवढीच त्यांच्याकडून मुख्य अपेक्षा होती. त्यांना प्रशिक्षण दिले गेले, मागे मानसोपचारतज्ज्ञ उभे राहिले आणि निदान पंधरवड्यातून एकदा ते घरी जात राहिले.

तिथे जाऊन ते काय करत, हे नीट पाहायला हवे, कारण कामाचे मर्म तिथेच आहे. आताच जेवलेली सासू शेजारणीला सांगते, सुनेने मला उपाशी ठेवले. पैसे स्वतःच कुठेतरी ठेवते आणि चोरीचा आळ घरातल्यांवर घेते. संध्याकाळ झाली की राहत्या घरातूनच ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी जाते. आजार माहीत नसलेल्या घरात याचे दोनच अर्थ लागतात: म्हातारपण किंवा खोड. पहिल्या अर्थाने उपचार टळतात आणि दुसऱ्याने माणसे एकमेकांची वैरी होतात. हा मेंदूचा आजार आहे, वाद घालून उपयोग नाही, बोलण्याचा विषय हळूच बदलावा, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा, इतक्या साध्या गोष्टी कोणी समोर बसून सांगितल्या तर सुनेच्या मनावरचा आरोप उतरतो. सल्लागार सरकारी योजनांची माहिती देत, औषधांची गरज दिसली तर तज्ज्ञांपर्यंत नेत आणि एका घराची दुसऱ्या घराशी ओळख करून देत. सहा महिन्यांनी, मदत मिळालेल्या घरांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण स्पष्टपणे कमी झालेला आढळला.

यावर पहिला आक्षेप असा की ८१ घरे फार थोडी, आणि रुग्णांच्या वर्तनात मोठा फरक सिद्ध झालाच नाही. दोन्ही खरे आहे. पण सांभाळणारी व्यक्ती खचली की रुग्णाचा आधारच जातो. म्हणूनच तिला सावरणे हे रुग्णासाठीचेच काम आहे. दुसरा आक्षेप आपल्याला फार प्रिय आहे: आपल्याकडे कुटुंब आहे, बाहेरचे कशाला? गोव्यातच विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास दाखवतो की घरात माणसे असली म्हणजे वृद्धांची काळजी घेतली जातेच असे नाही. आणि जिथे घेतली जाते तिथेही ‘कुटुंब’ या नावाखाली बहुधा एकच बाई उभी असते. हा डॉक्टरांना स्वस्त पर्याय आहे, असेही म्हटले जाते. मागे तज्ज्ञ नसतील तर हा आक्षेप बरोबर ठरेल. गोव्याच्या रचनेत ते होते, आणि ती अट कधीच सोडू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही जबाबदारी संस्थांची नव्हे, शासनाची आहे. संस्था वाट दाखवू शकते, सगळ्या घरांपर्यंत पोहोचणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण पोहोचणारी माणसे आपल्याकडे आहेत. आशा सेविका तपासणीचा जो अर्ज घरोघरी भरतात, त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आले तर पुढे पंधरवड्याला कोण येणार, हे ठरलेले हवे. त्या कामाचे प्रशिक्षण हवे आणि वेगळे मानधनही हवे, कारण आशांच्या पाठीवर आधीच पुष्कळ लादलेले आहे. तुमच्या दारी तो अर्ज आला तर लाजेपोटी ‘नाही’ सांगू नका. आणि पुढच्या ग्रामसभेत किंवा तुमच्या नगरसेवकाला, या ‘हो’चे पुढे काय होते, हे जरूर विचारा.