जुनी सायकल पारखताना

मुलीची शाळा सहा किलोमीटरवर आणि नवी सायकल काही परवडत नाही. मग माणूस नागपुरास येतो आणि सदरमधल्या एखाद्या दुकानी जुनी सायकल पाहतो. रंग चकाकतो, घंटी खणखणते, अन् आपण भुलतो! अहो, रंग काय, काल संध्याकाळी दिलेला असेल.

आधी पुढचा चिमटा पाहा. हँडलखालच्या जोडापाशी बोट फिरवा. रंगाला सुरकुती लागली, तर गाडी कुठे तरी धडकलेली आहे. तिथे घासाघीस नको. सरळ परत फिरा.

मग चेन. गुरुजी, तुमची फूटपट्टी इथे कामाला येते! चेन ताणून धरा. पहिली पिन शून्यावर ठेवली, की पंचविसावी बरोबर १२ इंचांवर यावी. ती इंचाचा आठवा भाग पुढे गेली, तर चेनीबरोबर दातेही झिजले म्हणून समजा. क्रँक लटलटला तर कॉटर पिन बदलावी, खर्च थोडा. चाक उचलून फिरवा. खरखर आली तर छर्रे नि कोन खराब.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात १९७६ साली तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची डोंगरउतारावर शर्यत लावली. मागच्या हबातले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे. अशा कसोटीतूनच पुढे माउंटन बाइक निघाली.

तेव्हा ध्यानात ठेवा: झिजलेला भाग आधी कुरकुरतो, चिरलेला न सांगता तुटतो. दोन पैसे वाचले नाहीत तरी चालेल. पोर सुखरूप घरी आली पाहिजे.