परक्या शहरात नोकरी शोधताना



१९१७ साली बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु जातीमुळे त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले व मुंबईस परतावे लागले. पदवी होती, नोकरी होती; आसरा नव्हता.

म्हणून गावाकडून शहरात येणाऱ्या तरुणाने प्रथम विहार गाठावा. शिक्षण सांगावे, जागा कोठे निघाल्या ते विचारावे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो गावाहूनच आणावा.

आणि आपण सभासदांनी? आपल्या कचेरीतील, कारखान्यातील रिकाम्या जागा विहाराच्या फळ्यावर लिहाव्यात. नवख्याला चार दिवस आसरा द्यावा. बडोद्यात जे मिळाले नाही, ते आपल्या वस्तीत मिळालेच पाहिजे.

नमो बुद्धाय, जयभीम!