साथीची गिटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यक्रमांच्या पत्रिकेत गाणे कोणाचे हे ठळक अक्षरांत छापलेले असते. पेटी कोणाची, तबला कोणाचा, हे खाली बारीक अक्षरांत येते, आणि कागदावर जागा कमी पडली की पहिली काट त्याच ओळीला लागते. तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलीची तर गोष्टच सोडा. तेव्हा चिटणीसबाईंनी "संगीतावर काहीतरी बोला" असे सांगितले, त्या वेळी मी मनाशी ठरवले की आज गाणाऱ्या बाईंविषयी बोलायचे नाही, त्यांच्या शेजारी बसून साथ करणाऱ्या बाईंविषयी बोलायचे. या बाई आपल्याकडच्या नव्हत. त्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ मुलखातल्या. त्यांचे वाद्य गिटार आणि त्यांचे नाव मेबेल कार्टर.

क्लिंच नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी 'पूअर व्हॅली', म्हणजे अक्षरशः 'गरीब दरी', नावाचा भाग आहे. तेथल्या एपी कार्टर या गृहस्थांना जुनी गाणी जमवण्याचा नाद होता. त्यांची पत्नी सारा. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, आणि त्यात कोठे लाडिकपणा म्हणून नाही. एपींचे धाकटे भाऊ एझ्रा. त्यांच्याशी १९२६ साली मेबेलचे लग्न झाले. मेबेल आणि सारा माहेरच्या नात्याने बहिणी होत्याच, आता त्या जावा झाल्या. थोरली जाऊ गाणार आणि धाकटी वाजवणार, असा संसार सुरू झाला. जावांचे पटणे किती अवघड असते ते तुम्हांला मी काय सांगावे! या दोघींचे मात्र जन्मभर पटले.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर हे ब्रिस्टल गावी गाणी मुद्रित करावयास आले. गाव निम्मे टेनेसीत, निम्मे व्हर्जिनियात. राज्यांची हद्द भर रस्त्यातून जाते. टोप्यांच्या एका कंपनीच्या रिकाम्या इमारतीत त्यांनी यंत्रे मांडली होती. कार्टरांच्या घरापासून अंतर २५-२६ मैलांचे, पण रस्ता असा की मोटारीने दिवस मोडला. साराच्या कडेवर अंगावर पिणारे मूल, ते सांभाळायला तिची आठ वर्षांची मुलगी, आणि मेबेलला आठवा महिना लागलेला. वय वर्षे १८! एझ्रा तिला पाठवायला तयार नव्हते. तेव्हा वडील भावाने "तुझ्या मक्यातले तण मी काढून देतो" असे कबूल केले आणि मग मोटारही मिळाली व मेबेलही, असे सांगतात. आपल्याकडे आठव्या महिन्यात बाईला गावाच्या वेशीबाहेर जाऊ देत नाहीत. ही मुलगी नदीच्या पाण्यातून मोटार काढीत गेली आणि १ व २ ऑगस्टला दोघींनी मिळून सहा गाणी दिली. त्यांतल्या काही गाण्यांत एपींचा आवाज आहे, काहींत नाही. गाता गाता मनाला आले तर सूर मिसळायचा, नाहीतर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे, अशी त्यांची रीत होती. दुसऱ्या दिवशी तर नुसत्या दोघी जावाच गायल्या-वाजवल्या. त्या दिवशीचे एक गाणे सड्या मुलीचे आणि लग्न झालेल्या बाईचे आहे. एक नटूनथटून हिंडते, दुसरी पाळणा हलवते. साराला ते मुळीच आवडत नव्हते. का, ते तिने स्पष्ट करायची गरज होती असे मला वाटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या तिघांजवळ वाद्ये होती दोन. साराजवळ 'ऑटोहार्प' होते. आपल्या स्वरमंडळाचा हा एक भाऊबंद. पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या त्या तेवढ्या एकदम वाजतात. दुसरे वाद्य मेबेलची गिटार. त्या मुलखातल्या गाण्यात चाल वाजवायची ती फिडलने, म्हणजे तिकडच्या व्हायोलिनने, नाहीतर बँजोने. गिटारने मागे बसून ठोका धरावा, एवढेच तिचे काम. येथे फिडलही नाही आणि बँजोही नाही. मग दोन कडव्यांच्या मध्ये सारा श्वास घेते तेव्हा चाल कोणी सांभाळावी? आणि चाल सांभाळायला गिटार गेली तर ठोका कोणी धरावा?

मेबेलबाईंनी याला उत्तर काढले ते उजव्या हाताच्या आंगठ्याने. जाड, खर्जाच्या तारांवर आंगठ्याने चाल वाजवायची, आणि त्याच वेळी तर्जनीने वरच्या बारीक तारा हलकेच वरखाली झाडून ठोका चालू ठेवायचा. एका हाताने दोघांचे काम! चाल आणि ठेका, दोन्ही. सामान्यतः लोक वरच्या, चटकन कानी पडणाऱ्या तारांवर चाल वाजवतात. यांची चाल खाली राहते, आणि ठेका तिच्या अंगावरून वारा गेल्यासारखा जातो. पुढे या पद्धतीला 'कार्टर स्क्रॅच', म्हणजे कार्टरांचे खरवडणे, असे नाव पडले. नाव काही नाजूक नाही, पण काम फार नाजूक आहे. एका जात्यावर एकीनेच बसून दळावे, घासही तिनेच घालावा आणि ओवीचा सूरही सुटू देऊ नये, तसे ते आहे.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. साराचा आवाज खाली, आणि वर्षे गेली तसा आणखी खाली गेलेला. गिटारच्या नेहमीच्या पट्टीत तो बसेना. मेबेलबाई काय करीत? आपल्या गिटारच्या सगळ्या तारा सैल करून वाद्यच खाली उतरवीत. तार सैल झाली की ती लटपटते, बोटाला धड जोर लागत नाही, सूर फाटण्याची भीती असते. हे सगळे ओझे वाजवणाऱ्याने घ्यायचे आणि गाणाऱ्या बाईला वाटावे की पट्टी आपोआपच जमली. मी या बाईंना नम्र म्हणते ते यासाठी. नुसते मान खाली घालून बसणे ही नम्रता असेल तर ती कोणालाही साधेल. आपले वाद्य दुसऱ्याच्या गळ्यासाठी उतरवायचे आणि तरीही ते गोड वाजवायचे, याला हातात विद्या लागते.

१९२८ साली सुमारे २७५ डॉलर देऊन त्यांच्यासाठी गिब्सन कंपनीची 'एल-५' जातीची गिटार घेतली. एझ्रा रेल्वेच्या टपालखात्यात नोकरीला होते, म्हणून ही चैन परवडली. त्याच वर्षी मे महिन्यात, मेबेलबाईंना १९ वर्षे पुरी झाली त्या सुमारास, 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे गाणे मुद्रित झाले. तिकडे गिटार शिकणारी मुले पुढे कित्येक वर्षे याच गाण्याने बोटे घोटवीत आली आहेत.

त्यांना पुढे आणखी एक गुरू भेटला, आणि त्याची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लेस्ली रिडल हा कृष्णवर्णी वादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेलेला, बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटे गेलेली. एपी गाणी जमवायला गावोगाव हिंडत तेव्हा रिडल बरोबर असे. एपी शब्द लिहून घेत, रिडल चाल डोक्यात ठेवून आणी. उरलेल्या बोटांनी तो अशी काही गिटार वाजवी की मेबेलबाई समोर बसून बघत राहत आणि उचलत. तबकड्यांवर त्याचे नाव नाही. गाण्यांच्या हक्काच्या कागदांवर नाव येई ते एपींचे. दोघी बायकांचा हात त्यात किती, हेही तो कागद सांगत नाही. पण पुढे १९६० नंतर माइक सीगर नावाचे संग्राहक मेबेलबाईंना भेटले, तेव्हा त्यांनी रिडलचे नाव आपण होऊन सांगितले. त्यावरून १९६५ मध्ये सीगरांनी त्याला शोधून काढले आणि त्याचे वाजवणे मुद्रित करून ठेवले. ज्यांचे स्वतःचे नाव बारीक अक्षरांत, त्यांनी दुसऱ्याचे सुटलेले नाव आठवणीने सांगावे, याचे मला फार वाटते.

सारा आणि एपी यांचे पुढे पटले नाही. १९३६ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, तरी गाणे बंद पडले नाही. १९३८ पासून मेक्सिकोच्या हद्दीवरच्या एका जबरदस्त रेडिओ केंद्रावरून ते गात आणि दूरदूरच्या राज्यांतली शेतकरी कुटुंबे ऐकत. एका माइकसमोर मोडलेले जोडपे उभे आणि मध्ये मेबेलबाईंची गिटार! त्या दिवसांत त्यांनी कोणाची बाजू घेतली असेल कोण जाणे. गिटारने तरी घेतली नाही. १९४३ मध्ये मंडळी पांगली. सारा दुसरे लग्न करून कॅलिफोर्नियात गेली होती. तिला गाजावाजा कधीच नको होता.

मेबेलबाईंना मात्र थांबता येत नव्हते. हेलन, जून आणि ॲनिटा या तीन मुलींना घेऊन त्या गावोगाव कार्यक्रम करू लागल्या. त्यांच्याबरोबर चेट ॲटकिन्स नावाचा एक तरुण गिटारवादक होता. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या मोठ्या कार्यक्रमाने कार्टरांना बोलावले, पण "त्या पोराला आणू नका" असा निरोप आला. तेथल्या वादकांना आपले काम जाईल अशी धास्ती होती. कार्टरांनी सांगितले की तो नाही तर आम्हीही नाही. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी १९५० मध्ये सगळे मिळूनच गेले. तोच ॲटकिन्स पुढे अमेरिकेतला नामांकित वादक झाला.

यानंतरचा काळ आपणा बायकांनी नीट ऐकण्यासारखा आहे. १९५५ नंतर तिकडे नवे, दणक्याचे संगीत आले आणि यांचे जुने गाणे मागे पडले. मग या बाईंनी नॅशव्हिलमध्ये रुग्णसेवेची नोकरी धरली. रात्रपाळीला म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या उशाशी बसायचे; कार्यक्रम असला की तेथे जाऊन वाजवायचे. ज्यांच्या हाताची नक्कल देशभरची पोरे करीत होती, त्या रात्री कोणाच्या तरी घशात औषधाचा चमचा घालीत होत्या. याबद्दल त्यांनी कधी गळा काढल्याचे मी तरी वाचले नाही. पण त्यांनी तक्रार केली नाही म्हणून आपणही ते गोड मानून घ्यावे, हे मला पटत नाही. साथीदाराच्या म्हातारपणाची सोय कोणी पाहायची, हा प्रश्न तेथेही होता आणि आपल्याकडेही आहे.

पुढे दिवस थोडे फिरले. १९६१ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज या जोडीने कार्टरांच्या गाण्यांची तबकडी काढली, तिच्यात वाजवायला मेबेलबाईंना बोलावले. १९६३ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या महोत्सवात कॉलेजातली मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. १९६७ मध्ये सारा कॅलिफोर्नियाहून आली आणि त्याच महोत्सवात दोघी जावा पुन्हा शेजारी शेजारी बसल्या. १९६८ मध्ये मधली मुलगी जून हिने जॉनी कॅश या प्रख्यात गायकाशी लग्न केले. हा जावई लहानपणी आर्कान्सातल्या शेतावर सासूचीच गिटार रेडिओवर ऐकत वाढलेला! उतारवयात संधिवाताने मेबेलबाईंची बोटे आखडू लागली, तेव्हा त्या ऑटोहार्प जास्त वाजवू लागल्या. २३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या गेल्या. थोरली जाऊ त्यांच्या मागे पुरते तीन महिनेही राहिली नाही. जानेवारी १९७९ मध्ये तीही गेली. ती 'एल-५' गिटार नॅशव्हिलच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

मी 'वाइल्डवुड फ्लॉवर'चे ध्वनिमुद्रण बरोबर आणले आहे. ते तीन-सव्वातीन मिनिटांचेच आहे, म्हणून चिटणीसबाईंच्या परवानगीने दोनदा लावते. पहिल्या वेळी साराबाईंचा आवाज ऐका. तो ऐकल्यावाचून राहवणारच नाही. दुसऱ्या वेळी आवाज सोडून द्या आणि खाली, खर्जाच्या तारांकडे कान लावा. मागच्या रांगेतल्या बायकांनी थोडे पुढे सरकावे, म्हणजे ऐकू येईल.