गोळी चुकते कुठे?



एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सरकारी ए.आर.टी. केंद्रात औषध मोफत मिळते. तरी आपल्या देवरी-सालेकसाकडच्या टोल्यांवर गोळी चुकते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मोठी माणसे पहाटेच जंगलात जातात, मूल आजीजवळ राहते. आजीला घड्याळ कळत नाही. म्हणून आम्ही ‘आठ वाजता’ म्हणत नाही. ‘रात्रीचा भात झाला की गोळी’ म्हणतो. डॉक्टर ९५ टक्के नियमितता मागतात. म्हणजे महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या दोन चुकल्या तरी कमीच. औषध असे तुटत राहिले, तर विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

मोठे होणारे मूल विचारते, “मला ताप नाही, मग गोळी कशाला?” घरचे सांगतात, “शक्तीची आहे.” हे उत्तर फार वर्षे पुरत नाही. समुपदेशकाच्या मदतीने, वयाला झेपेल तसे खरे सांगावेच लागते.

मंडळीला एक विनंती. अशा लेकरासाठी सभेत नाव घेऊन प्रार्थना करू नका. हेतू चांगलाच असतो. पण रविवारी घेतलेले नाव सोमवारी शाळेत पोहोचते आणि मूल गोळी लपवू लागते. प्रभूला नाव ठाऊक आहे. केंद्रापर्यंतचे बसभाडे मात्र आमच्याकडे जरूर द्या. कोणासाठी, ते विचारू नका.