वाटी रिकामी परत करू नये

नव्या घरात पाऊल टाकताना आपण दूध उतू जाऊ देतो, कलश मांडतो, ऐपत आणि सवड असेल तर वास्तुशांतही करतो. जुन्या घराचा निरोप घेताना मात्र कुलूप लावले की काम झाले! ज्या भिंतींनी वर्षानुवर्षे आपले सारे ऐकून घेतले, त्यांच्या वाट्याला हळदकुंकवाचे एक बोटही येत नाही. आज थोडे बोलायचे आहे ते या राहून जाणाऱ्या निरोपाविषयी.

मुंबईत हा प्रसंग सध्या पुष्कळांवर येतो आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या भागांत दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मध्ये लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, आणि खोली अवघी १६० चौरस फुटांची. आता त्या जागी उंच इमारती उठत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचे बिऱ्हाड त्यांतलेच एक.

कुणी म्हणेल, चाळ सुटली यात हळहळण्यासारखे आहे काय? प्रश्न अगदी रास्त आहे. संडास सामाईक, पावसाळ्यात भिंतींना ओल, आणि पाणी यायचे ते पहाटे. जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या आईने पन्नासहून अधिक वर्षे पहाटे चारला उठून पिंप भरले. तिच्यापुढे 'काय ते चाळीतले दिवस!' असे म्हणायची माझी छाती होणार नाही. नव्या घरी पहिल्या दिवशी तिने नळ सोडला, ओंजळ धरली आणि पाहत राहिली. मग म्हणाली, "दुपारचे दोन वाजलेत, अन् पाणी आहे रे!"

आता हेच पाहा ना. नळाला पाणी असणे ही माझ्या मुलांच्या लेखी सांगण्याजोगी गोष्टच नाही. आईला मात्र ते सुख वाटले, कारण पिंपाची आठवण तिच्यापाशी होती. जुने घर आपल्याला पुढे असे उपयोगी पडते. ते परत यावे असे वाटत नाही, पण ते विसरले तर नव्या घरातला गारवाही ओळखू येत नाही.

पण चाळीने दिलेले याहून मोठे असे काही होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. सहा महिन्यांत घरातले डबे वाजू लागले. समोरच्या खोलीतल्या काकूंचे यजमान गोदीत कामाला. म्हणजे तिथे पगार चालू. रोज दिवेलागणीला काकू एक वाटी घेऊन यायच्या. म्हणायच्या, "आमटी जरा जास्तच झाली हो!" सहा माणसांच्या त्या घरात आमटी जास्त होणे शक्य नव्हते. हे त्यांना ठाऊक होते, आईलाही ठाऊक होते. दोघींपैकी कुणी ते कधी बोलून दाखवले नाही.

आई ती वाटी घासून लख्ख करायची, पण रिकामी परत द्यायची नाही. घरात देण्याजोगे काही नसे. मग कधी चिमूटभर साखर, कधी खिडकीतल्या डब्यात लावलेल्या तुळशीची चार पाने. 'आभार' हा शब्द आमच्या पॅसेजमध्ये कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. त्याचे काम त्या चार पानांनी केले.

हे आमच्याच मजल्यावर घडले असे नाही. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत. एक कामावर गेला की दुसरा तिथेच पथारी टाकी. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी संपाच्या दिवसांत उधारीवर ताटे वाढली. अशाच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणगाव नुसते पगारावर जगले नाही. ते अशा उधारीवरही जगले.

कृतज्ञ या शब्दाचा अर्थ मोठा सरळ आहे. कृत म्हणजे केलेले. ते जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे मन भरून येणे पुरेसे नाही. कुणी, कधी, काय केले याची जाण हवी. आणि भीती आहे ती इथेच. नव्या इमारतीत घरे सोडतीने मिळाली. समोरच्या काकू आता समोर नाहीत. त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. दारे बंद असतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईला लिफ्टमधली बटणे पाहूनच धास्ती वाटते. जागा तिपटीने वाढली, पण शेजार विरळ झाला, तर काय कमावले नि काय गमावले याचा हिशोब आपल्यालाच मांडावा लागेल. आईने तो आपल्यापुरता मांडला. पहिल्या पंधरवड्यातच तिने खीर केली आणि वाटी माझ्या हाती देऊन मला लिफ्टमध्ये बसवले. वाटी परत आली ती भरलेलीच.

तेव्हा घर बदलणाऱ्या श्रोत्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. कुलूप लावण्याआधी घटकाभर रिकाम्या खोलीत बसा. या घरात असताना कुणाकडून काय आले याची उजळणी करा: आमटी, औषध, पोराची शिकवणी, रात्री-अपरात्री दिलेली सोबत. ती माणसे नावानिशी आठवा. जी गेली, त्यांना मनोमन नमस्कार करा; आणि जी आहेत, त्यांचा नवा पत्ता आधी लिहून घ्या. भिंतींना आपला निरोप कळत नाही. माणसांना तो कळतो, आणि त्यांतली पुष्कळशी सुदैवाने अजून चार मजले वर किंवा खाली राहत आहेत.