सकाळचा प्याला : चहा की कॉफी?



वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावर शोभतात, तेथे आम्ही चहा-कॉफी घेऊन उभे राहिलो याचे काहींना हसू येईल. पण पहाटे डोळे उघडताच वेदान्त आठवणारे गृहस्थ आपल्या भंडाऱ्यात कितीसे निघतील? चहा आठवणारे मात्र घरोघर आहेत. तेव्हा हाही विषय जिव्हाळ्याचाच म्हणावयाचा.

चहा ही काही आपली वडिलोपार्जित चीज नव्हे. आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला. पुढे तो येथेही खपावा म्हणून उपकराच्या पैशातून रेल्वे स्थानकांवर आणि बाजारांत त्याचा जोराचा प्रचार झाला. कॉफी विदर्भात चिखलदऱ्याला पिकते खरी; पण आपल्याकडे तिचा मान अजून पाहुणीचाच.

आता तरतरी येते कशी ते पाहू. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची आठवण करून देते. चहा-कॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवून बसते. शीण जात नाही; शिणाची वर्दी तेवढी थांबते. झाडीपट्टीतले नाटक रात्रभर पाहून सकाळी दोन प्याले घेणाऱ्याला याचा अनुभव असेलच. दुपारी कॅफीन ओसरले की थकलेली सगळी झोप वसुलीला येते. सावकाराचे पैसे हातात असले म्हणजे माणूस श्रीमंत झाला असे नव्हे!

मग दोहोंतले घ्यावे कोणते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दीडशे मिलिलिटरच्या प्याल्याचा हिशेब दिला आहे : उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन, झटपट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. ज्याला सकाळी हिशेबाच्या वहीत किंवा पुस्तकात डोके घालायचे आहे, त्याला कॉफीचा एक प्याला पुरतो. ज्याची छाती कॉफीने धडधडते, त्याने चहाच घ्यावा. दोन्ही अर्ध्या-पाऊण तासात अंमल दाखवतात. पाच-सहा तासांनीही निम्मे कॅफीन अंगात असते. म्हणून संध्याकाळचा प्याला रात्रीची झोप नेतो, आणि दुसऱ्या सकाळी प्याल्याची गरज वाढवतो.

पण खरा प्रश्न चहा की कॉफी हा नाहीच. प्याल्याबरोबर पोटात काय जाते, हा आहे. रोवणीच्या दिवसांत बाया घरचे सगळे आवरून, नुसत्या चहावर बांधीत उतरतात. चहाने भूक मरते, भागत नाही. दिवसभर चिखलात वाकून धान रोवण्याचे बळ साखरेच्या दोन चमच्यांत कोठून येणार? शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा किंवा कॉफी भातभाजीतले लोह अंगी लागू देत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याचा सारा दोष चहावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या अंगात रक्त आधीच कमी, त्याच्या ताटातले लोह चहाने अडवावे, हे तरी कशाला? म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये, असे ती मार्गदर्शिका सांगते. ताटात लिंबाची फोड असली तर लोह अधिक चांगले अंगी लागते.

या सभेत बसलेल्या अनेकांच्या बांध्या आहेत. रोवणीला बाया बोलावल्या की आपण बांधावर चहाची केटली पाठवतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. यंदाच्या पावसाळ्यात केटलीच्या तासभर आधी भाकरी-भाजीची नाहीतर वरणभाताची पाटी जाऊ द्या. आणि घरातही, सर्वांना चहा देऊन शेवटी उभ्याउभ्या उरलेला घोट घेणारी जी माउली आहे, तिने सकाळी काही खाल्ले का, एवढे उद्या विचारा.

मग चहा घ्या की कॉफी, आमची काही तक्रार नाही. आता आपणा सर्वांनाच चहाची आठवण होऊ लागली असेल. तेव्हा आम्ही रजा घेतो.